घरचं गॅरेज, शोरूमचं बिल आणि वॉरंटीची भीती

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी तासगावची. शाळेत शिक्षिका आहे, रोज स्वतः गाडी चालवत जाते-येते. 2024 च्या पाडव्याला पेट्रोल हॅचबॅक घेतली. कंपनीची वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर. शोरूमवाल्यांनी फार आग्रह केला म्हणून एक्स्टेंडेड घेऊन ती 5 वर्षांची करून घेतली. तिन्ही फ्री सर्व्हिसिंग सांगलीला शोरूममध्येच झाली. आता 20 हजार किलोमीटरचं पहिलं पेड सर्व्हिसिंग झालं आणि बिल आलं 11,555 रुपये. बिलाचा फोटो सोबत आहे.

माझ्या धाकट्या दिरांचं इथेच गॅरेज आहे. आधी बरीच वर्षं ते एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये होते. ते म्हणाले, "वहिनी, हेच मी 3,200 मध्ये करून दिलं असतं. घरचं गॅरेज असताना गाडी सांगलीला जाते, गिऱ्हाइकं मला विचारतात." गेल्या दिवाळीत त्यांनीच गाडीला फॉग लाइट आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून दिला, एक पैसा घेतला नाही. इकडे सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणतो, "मॅडम, बाहेर एक नट जरी खोलला तरी वॉरंटी संपली समजा." मिस्टर म्हणतात, ही सगळी घाबरवायची भाषा आहे, त्यांचा अमेरिकेतला मित्र सांगतो की तिकडे असं चालतच नाही.

कुणाचं ऐकू? आणि या बिलातले जास्तीचे पैसे परत मिळतील का?

— एक वाचक, तासगाव

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देतो. अ‍ॅडव्हायजर म्हणतो तशी वॉरंटी एका नटानं संपत नाही. मिस्टरांचं बरोबर आहे. तरीही एक्स्टेंडेड वॉरंटी आहे तोवर नियमित सर्व्हिसिंग शोरूममध्येच करा, असंच मी सांगेन. हे उलटसुलट वाटेल, पण तुमचं बिल नीट पाहिलं की पटेल. आणि तुम्ही विचारलंत सर्व्हिसिंगबद्दल, पण तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती फॉग लाइटची. त्याकडे येतोच.

पहिल्यांदा त्या नटाबद्दल. 2011 साली एका ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती, की कार कंपन्या स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची यंत्रं स्वतःच्या डीलरांपुरतीच ठेवतात, बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगानं देशातल्या 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला. दंडाची बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली. तुमच्या कामाचं मात्र त्याच आदेशात आणखी एक आहे: बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, आणि तीही परिस्थितीवरून तसं स्पष्ट दिसत असेल तर.

म्हणजे भाऊजींनी ब्रेक पॅड बदलले आणि पुढं एसीचा कॉम्प्रेसर गेला, तर कंपनीनं "बाहेर काम केलंय" म्हणून कॉम्प्रेसर नाकारणं या आदेशात बसत नाही. दोन्हींचा संबंध काय? पण भाऊजींनी ऑइल बदललं आणि इंजिन धरलं, म्हणजे जाम झालं, तर संबंध आहे की नाही यावर वाद घालायला कंपनीला जागा मिळते.

मिस्टरांच्या मित्राचंही खोटं नाही. अमेरिकेत 1975 पासून यासाठी वेगळा कायदाच आहे. आपल्याकडे असा थेट वॉरंटीवरचा कायदा नाही, आहे तो आयोगाचा आदेश. त्यावर अपिलं झाली. डिसेंबर 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणानं कंपन्यांवरचा ठपका कायम ठेवला, तिघांचा दंड कमी केला, आणि प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा या आदेशाची प्रिंट काढून सांगलीच्या काउंटरवर आपटली की क्लेम पास, असं होणार नाही. तिथला मुलगा तो आदेश वाचणारही नाही. तो कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकतो, 30 हजारांच्या सर्व्हिसिंगची नोंद दिसली नाही की मान हलवतो. पुढचं भांडण तुम्हाला लढावं लागतं, सुट्ट्या टाकून.

आता बिल. फोटो मोठा करून एकेक ओळ वाचली.

इंजिन ऑइल 1,650, ऑइल फिल्टर 130, ड्रेन प्लगचा वॉशर 25, एसीचा केबिन फिल्टर 520, मजुरी 2,150. झाले 4,475. हे झालं सर्व्हिसिंग. तुमच्या रस्त्यांवरची धूळ आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून रोजचा प्रवास बघता केबिन फिल्टरबद्दलही माझी तक्रार नाही.

त्याखाली व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग 950. काम गरजेचं आहे, पण ते शोरूममध्येच व्हायला हवं असं काही नाही.

आणि मग सुरू होते मिरवणूक. थ्रॉटल बॉडी क्लिनिंग 890. इंजिन डिकार्बनायझिंग 1,650. एसी डिसइन्फेक्शन 990. सायलेन्सर कोटिंग 1,200. इंटिरियर क्लिनिंग आणि पॉलिश 1,400. बेरीज 6,130. दोन वर्षांच्या, 20 हजार किलोमीटर चाललेल्या, पिकअपची किंवा मायलेजची एकही तक्रार नसलेल्या इंजिनातला कार्बन काढायचा कशाला? तुमच्या मॅन्युअलच्या मागच्या पानांवर मेंटेनन्सचा तक्ता आहे, किती किलोमीटरला काय बदलायचं आणि काय नुसतं तपासायचं याचा. यातलं कुठलं काम 20 हजारांच्या रकान्यात आहे, तेवढं शोधा. अ‍ॅडव्हायजरला महिन्याचं टार्गेट असतं आणि ते ऑइल फिल्टर विकून पुरं होत नाही. मला त्या पोराचा राग येत नाही. पण त्याचं टार्गेट तुमच्या पगारातून का भरायचं?

म्हणजे भाऊजींचे 3,200 तुम्ही 11,555 शी लावून बघताय, तिथेच हिशेब चुकतो. लावायचे ते 4,475 शी. फरक 1,275 चा. तासगाव-सांगली जाण्यायेण्याचं पेट्रोल धरा, फार तर दीड हजार. तुमचं रनिंग वर्षाला साधारण 10 हजार, म्हणजे वॉरंटी संपेपर्यंत अशी जेमतेम तीन सर्व्हिसिंग. साडेचार हजार रुपये वाचवण्यासाठी तुम्ही पैसे देऊन घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी वादात टाकायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग किंवा एसी कॉम्प्रेसर यातलं एक जरी गेलं, तरी खर्च वीस-तीस हजारांच्या घरात जाऊ शकतो. मी तरी टाकणार नाही.

एक्स्टेंडेडचं प्रकरण वेगळं आहे हेही लक्षात घ्या. कंपनीची मूळ वॉरंटी गाडीसोबत येते. एक्स्टेंडेड हा वरून पैसे मोजून केलेला स्वतंत्र करार, त्याची पुस्तिका वेगळी, त्याच्या अटी वेगळ्या. "सर्व ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये आणि ठरलेल्या मुदतीत" ही अट त्यात बहुतेक वेळा असते, आणि क्लेम आला की पहिलं बोट तिच्यावरच ठेवलं जातं. ग्लोव्ह बॉक्समध्ये ती पुस्तिका असेल. एक रविवार काढून वाचा, विशेषतः काय-काय कव्हर नाही ती दोन पानं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, फिल्टर, बेल्ट हे झिजणारे भाग साधारणपणे त्या यादीत सापडतील. ज्याला वॉरंटीच नाही, त्याचं काम बाहेर केल्यानं जाणार काय?

मुदतीचंही बघा. "10 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते." शिक्षकांच्या गाड्या उन्हाळ्यात दीड महिना दारात उभ्या असतात, किलोमीटर भरत नाहीत, आणि वर्ष कधी उलटलं ते कळत नाही. सगळी सर्व्हिसिंग शोरूममध्ये करूनही, उशीर झाला म्हणून क्लेम अडलेले लोक मी पाहिलेत.

आता फॉग लाइट. वॉरंटीचे क्लेम ऑइलपेक्षा वायरिंगवरून अडायची शक्यता जास्त. कारण ऑइल कुणी बदललं ते डोळ्यांना दिसत नाही, कापलेली वायर दिसते. बॉनेट उघडलं, कंपनीच्या हार्नेसमधली (वायरच्या जुडग्यातली) वायर सोलून तिला दुसरी वायर पिळलेली आणि वर काळी टेप गुंडाळलेली दिसली, की पुढं बॅटरी ड्रेन होवो, मीटर बंद पडो की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जावो, बोट त्या टेपकडेच जातं. आणि दरवेळी ते अन्यायाचं असतं असंही नाही. आजच्या गाड्यांत दिव्यांपासून पॉवर विंडोपर्यंत सगळं एकमेकांशी बोलणाऱ्या मॉड्युलांवर चालतं. एका वायरवर जादा भार टाकला तर तक्रार भलतीकडेच उमटू शकते.

भाऊजी शोरूममध्ये काम केलेले आहेत, त्यांना हे माहीत असणार. तरी एकदा गाडी त्यांच्याकडे नेऊन शांतपणे विचारा: जोडणी कपलरनं (तयार प्लग-सॉकेटनं) केलीय की वायर कापून? फॉग लाइटला वेगळा रिले आणि फ्यूज आहे का? पुरवठा थेट बॅटरीवरून घेतलाय की हेडलाइटच्या वायरवरून? कॅमेऱ्याचा पुरवठा रिव्हर्स लाइटच्या वायरला टोचून घेतलाय का? टोचून किंवा कापून घेतला असेल तर ते बदलून गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर हार्नेस बसवून घ्या. खर्च फारसा नाही आणि हे काम भाऊजीच करू शकतात. माझ्या मते या महिन्यात तुम्हाला गाडीवर करायचं खरं काम हेच आहे.

भाऊजींकडे द्यायचं काम कमी नाही. टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, ब्रेक पॅड, हॉर्न, धुणं-पुसणं, छोटे ओरखडे, लांबच्या प्रवासाआधीची तपासणी हे सगळं खुशाल त्यांच्याकडे. अलाइनमेंटचं मशीन त्यांच्याकडे नसेल तर टायरच्या दुकानात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी साधारणपणे त्या-त्या टायर-बॅटरी कंपनीची असते, कार कंपनीची नव्हे, तेव्हा तिथे शोरूमचा मान राखण्याचं काही कारण नाही. फक्त बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर सीरियल नंबर आणि विक्रीची तारीख घालून घ्या.

इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा गॅस आणि कॉम्प्रेसर, एअरबॅग, कुठलाही सेन्सर, मीटरवर पेटलेला कुठलाही पिवळा दिवा: इथे पहिला हात शोरूमचा लागू दे. भाऊजींनी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचला तर हरकत नाही, उलट शोरूमला जाताना तो कोड लिहून न्या, समोरचा जरा सरळ बोलतो. पण कोड पुसून टाकायचा नाही आणि भाग खोलायचा नाही.

आणि रिकॉल. एखाद्या भागात कंपनीचाच दोष निघाला आणि गाड्या परत बोलावल्या, तर ते काम फुकट होतं, तुम्ही सर्व्हिसिंग कुठंही केलेलं असो. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की तुमची गाडी त्यात आहे का ते कळतं.

हे सगळं वाचूनही तुम्ही म्हणालात, की नाही, घरात वाईटपणा नको, सर्व्हिसिंग भाऊजींकडेच करते, तर तोही काही गुन्हा नाही. मग मात्र "घरचंच आहे, बिल कशाला" हे चालणार नाही. घरच्या गॅरेजची खरी अडचण भाऊजींच्या हातात नाही, ती या वाक्यात आहे. शोरूममध्ये वाईट काम झालं तरी त्याचा कागद राहतो. भाऊजी उत्तम काम करतील आणि त्याचा पुरावा कुठेच नसेल. म्हणून दरवेळी बिल हवं, छापील, गॅरेजच्या नावाचं, अनुक्रमांक असलेलं. त्यावर तारीख, गाडीचा नंबर, मीटरचं रीडिंग, ऑइलचा ब्रँड, ग्रेड आणि किती लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर. गॅरेजची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, तेव्हा जीएसटी नंबर नसला म्हणून बिल खोटं ठरत नाही. पैसे यूपीआयनं द्या, भाऊजी नको म्हणाले तरी द्या. ऑइल आणि फिल्टर तुम्ही स्वतः अधिकृत स्पेअर्सच्या दुकानातून तुमच्या नावावर घेतलंत तर आणखी चांगलं. रिकामा डबा आणि जुना फिल्टर यांचा मीटरसोबत एक फोटो काढून ठेवा.

ऑइलच्या ग्रेडबद्दल, म्हणजे ते किती पातळ-जाड याबद्दल, हट्ट धरा. तुमच्या बिलावर 0डब्ल्यू-16 लिहिलंय. पाण्यासारखं पातळ ऑइल असतं ते, आणि जुन्या पठडीतल्या मेस्त्रींना ते बघूनच पटत नाही. "आपल्याकडच्या उन्हाला हे टिकतंय होय, जरा जाड घालू" असं म्हणून 20डब्ल्यू-40 ओततात, कारण बॅरल त्याचंच असतं. पण ते इंजिन पातळ ऑइलवर चालेल असंच बनवलंय. जाड ऑइलनं मायलेज घसरेल, आणि उद्या क्लेमची वेळ आली तर आयोगाचा आदेशही तुमच्या मदतीला येणार नाही, कारण चूक खरोखर आपलीच असेल. (डिझेल गाडीवाल्यांनी तर दुप्पट काळजी घ्यावी. बीएस-6 डिझेलला धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्याला कमी राख करणारं ऑइल लागतं. साधं ऑइल घालत राहिलं तर तो हळूहळू तुंबतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खुर्चीवर बसतो.)

समजा उद्या एखादा क्लेम नाकारलाच, तर काउंटरवर आवाज चढवू नका. एकच मागणी करा: नाकारण्याचं कारण लेखी द्या. कुठला भाग, काय बिघाड, आणि आमच्या कुठल्या कामामुळे तो झाला. पुष्कळदा इथेच सूर बदलतो, कारण "बाहेर काम केलंय" हे तोंडी बोलायला सोपं, लेटरहेडवर लिहायला अवघड. लेखी मिळालं नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, आयोगाच्या 2014 च्या आदेशाचा उल्लेख तिथे करा. त्या पातळीवर तो माहीत असतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मराठीतही बोलता येतं. त्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग, तुमच्यासाठी सांगलीला. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मात्र गाडीत मूळचाच दोष होता हे दाखवण्याची जबाबदारी तिथे बरीचशी ग्राहकावर येते, तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो, तारखा पडतात. मार्ग आहे, पण जवळचा नाही.

भाऊजींना काय सांगायचं? खरं तेच सांगा. "भाऊजी, एक्स्टेंडेडचे पैसे भरून बसलोय, ते वाया नको. 2029 च्या पाडव्यानंतर गाडी तुमचीच." शोरूममध्ये वर्षं काढलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आणि गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर सांगलीहून आल्यावर गाडी एकदा त्यांच्या गॅरेजमध्ये उभी करत जा. बिल आणि गाडी दोन्ही त्यांना तपासू द्या: ऑइल खरंच बदललंय का, फिल्टर नवा आहे का, नट नीट आवळलेत का. असा घरचा ऑडिटर किती जणांकडे असतो?

राहिले तुमचे 6,130 रुपये. गाडी लावताना जॉबकार्डावर (करायच्या कामांच्या कागदावर) सही केली होती ना, त्याची प्रत काढून बघा. ही पाच कामं त्यावर आधीच लिहिलेली असतील, किंवा नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एस्टिमेटला तुम्ही "ओके" म्हणाला असाल, तर परतीची आशा फारशी धरू नका. पण जॉबकार्डावर नाहीत आणि फोनही आला नव्हता असं असेल, तर सर्व्हिस मॅनेजरला आजच ईमेल टाका, कंपनीच्या कस्टमर केअरला प्रत ठेवून. मजकूर तीन ओळींचा पुरे: ही कामं मी सांगितली नव्हती, माझी संमती कुठे आहे ते दाखवा, नाहीतर रक्कम परत करा. सगळे पैसे रोख मिळतील असं नाही. पुढच्या बिलात सूट देऊन मिटवायचा प्रयत्न करतील, ती घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. आणि पुढच्या वेळी सही करायच्या आधी जॉबकार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहा, "मॅन्युअलप्रमाणे सर्व्हिसिंग. जादा काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये," आणि त्या कागदाचा फोटो काढूनच गाडीची किल्ली द्या.